डेबियन १२ अद्ययावत ठेवणं आणि तिथून १३ वर जाणं

प्रश्न थोडक्यात असा आहे: लॅपटॉपवर आणि ऑफिसच्या छोट्या सर्व्हरवर डेबियन १२ (लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम) आहे. अपडेट नियमित चालू असतात, तरी ओपनएसएसएच या दुरून लॉगिन करायच्या प्रोग्रॅमची आवृत्ती ९.२ च दिसते. म्हणजे मशीन जुनंच राहिलंय का? आणि १३ वर जायचं तर सगळं पुसून नव्याने टाकायचं, की आहे त्यावरच अपग्रेड करायचं?

आधी पहिला भाग. मशीन जुनं राहिलेलं नाही. डेबियनच्या स्टेबल शाखेत प्रत्येक प्रोग्रॅमची आवृत्ती गोठवलेली असते. नंतर सुरक्षेतली एखादी त्रुटी सापडली की फक्त तेवढी दुरुस्ती जुन्या आवृत्तीत आणून बसवतात. ओपनएसएसएचवरच हे नीट पाहता येतं. १ जुलै २०२४ रोजी क्वालिस कंपनीने सीव्हीई-२०२४-६३८७ (सीव्हीई म्हणजे त्रुटीला दिलेला जाहीर क्रमांक) ही त्रुटी जाहीर केली. लॉगिन न करता, नेटवर्कवरून थेट रूटचा (मशीनवरच्या सर्वाधिकारी खात्याचा) ताबा मिळू शकेल अशी ती होती. मूळ प्रकल्पाने ती ९.८ मध्ये दुरुस्त केली. डेबियन १२ ने ९.८ आणलं नाही, ९.२ मध्येच दुरुस्ती घातली, आणि पॅकेजचा क्रमांक झाला ९.२पी१-२+डेब१२यू३. तेव्हा पाहायचं ते शेवटच्या ‘यू३’कडे. ‘ॲप्ट पॉलिसी ओपनएसएसएच-सर्व्हर’ या कमांडने (ॲप्ट हे डेबियनमधलं पॅकेजेस बसवायचं साधन) पूर्ण क्रमांक दिसतो, आणि ‘ॲप्ट चेंजलॉग ओपनएसएसएच-सर्व्हर’ दिली की कोणता सीव्हीई कधी बुजवला ते नावानिशी वाचता येतं. बाहेरचा एखादा स्कॅनर ‘९.२ धोकादायक’ असा अहवाल देत असेल तर तो बहुधा नुसता सुरुवातीचा आकडा वाचतोय. अशा अहवालाला उत्तर म्हणून चेंजलॉगमधली ओळ दाखवावी, हाताने मूळ सोर्समधून नवं ओपनएसएसएच बांधून बसवू नये. तसं केलं की त्या क्षणापासून त्याच्या सुरक्षेची जबाबदारी कायमची तुमच्याकडे येते.

सर्वांत नवीन ते सर्वांत सुरक्षित, हा समज मार्च २०२४ मध्ये फार स्पष्टपणे खोटा ठरला. एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये जाणूनबुजून चोरवाट घातलेली होती. प्रोग्रॅमर अँड्रेस फ्रॉइंड यांनी २९ मार्चला ती उघड केली. डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल शाखांवर ती पोचली होती, स्टेबलवर नाही. मला वाटतं, कामाच्या मशीनला लावायचा प्रश्न ‘सगळं ताजं आहे का’ हा नाहीच. ‘मी ज्या शाखेवर आहे तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या येतायत का आणि त्या माझ्यापर्यंत पोचतायत का’ हा तो प्रश्न आहे.

दुरुस्त्या येण्याची मुदत ठरलेली असते. डेबियन १२ म्हणजे बुकवर्म १० जून २०२३ ला आलं. १० जून २०२६ पर्यंत त्याला पूर्ण आधार, आणि पुढे ३० जून २०२८ पर्यंत एलटीएसचा, म्हणजे दीर्घकालीन आधार. डेबियन १३ म्हणजे ट्रिक्सी ९ ऑगस्ट २०२५ ला आलं. त्याला ९ ऑगस्ट २०२८ पर्यंत पूर्ण आधार आणि ३० जून २०३० पर्यंत एलटीएस. एलटीएसचं काम वेगळा गट करतो आणि काही पॅकेजेसना त्यात आधार मर्यादित असतो किंवा नसतोच. ‘डेबियन-सिक्युरिटी-सपोर्ट’ हे पॅकेज बसवून ‘चेक-सपोर्ट-स्टेटस’ चालवलं की तुमच्या मशीनवरची अशी पॅकेजेस कळतात.

दुरुस्त्या मशीनपर्यंत पोचवण्याचं काम अनअटेंडेड-अपग्रेड्स या पॅकेजवर सोपवा. ते बसवा आणि ‘डीपीकेजी-रिकॉन्फिगर अनअटेंडेड-अपग्रेड्स’ चालवून ‘होय’ म्हणा. मग ‘अनअटेंडेड-अपग्रेड --ड्राय-रन --डीबग’ देऊन ते खरंच काय उचलणार आहे ते डोळ्यांनी पाहा. इथे दोन गोष्टी नेहमी निसटतात. एक, बाहेरून जोडलेल्या रिपॉझिटरी म्हणजे पॅकेजेसचे साठे (डॉकरची, एखाद्या ब्राउझरची) ते आपोआप हाताळत नाही, आणि फ्लॅटपॅकने (ॲप टाकायच्या वेगळ्या पद्धतीने) टाकलेले ॲप तर त्याच्या कक्षेतच नाहीत. त्यांना ‘फ्लॅटपॅक अपडेट’ वेगळं द्यावं लागतं. दुसरी, जी मशीन डेबियन ११ पासून वर येत आलीत त्यांच्या सोर्सेस-लिस्टमध्ये (पॅकेजेस कुठून आणायची ते सांगणाऱ्या फाइलीत) ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा विभाग कित्येकदा नसतोच, कारण तो १२ मध्ये नव्याने वेगळा काढला गेला. मग वायफायचं फर्मवेअर आणि प्रोसेसरचा मायक्रोकोड जिथे होता तिथेच थांबतो आणि कुठेही एरर दिसत नाही. आजच ती फाइल उघडून हे पाहून घ्या.

अपडेट बसलं म्हणजे लागू झालं असंही नाही. ओपनएसएसएलची लायब्ररी डिस्कवर बदलली तरी आधीपासून चालू असलेला वेब सर्व्हर जुनीच प्रत मेमरीत धरून बसतो. ‘नीडरीस्टार्ट’ हे पॅकेज टाकलं की कोणती सर्व्हिस पुन्हा सुरू करायची ते ते सांगतं. कर्नलसाठी (सिस्टिमच्या गाभ्यासाठी) तर रीबूटला पर्यायच नाही. सर्व्हरवर आपोआप रीबूट मी बंदच ठेवायला सांगेन. आठवड्यातली एक वेळ ठरवून रीबूट हातानेच करावा, कारण चुका डेबियनकडूनही होतात. डिसेंबर २०२३ मध्ये १२.३ च्या कर्नलमध्ये, ६.१.६४-१ मध्ये, ईएक्सटी४ फाइल सिस्टिमवरचा डेटा खराब होऊ शकेल असा दोष निघाला. ते प्रकाशन थांबवलं गेलं आणि १० डिसेंबरला थेट १२.४ आली. म्हणूनच नवा कर्नल नीट चालतोय याची खात्री होईपर्यंत आधीचा चालता कर्नल काढून टाकू नये. ग्रबच्या (मशीन सुरू होताना दिसणाऱ्या मेन्यूच्या) ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये तो दिसत असला पाहिजे.

आता १२ वरून १३. पुसून नव्याने टाकायची गरज नाही. आहे त्यावरच अपग्रेड करणं हा डेबियनचा अधिकृत मार्ग आहे आणि तो चांगला चालतो. अट एकच, एकेक पायरी चढायची. ११ वरून थेट १३ ला आधार नाही. आणि मागे फिरायची सोय नाही. १३ वर गेल्यावर पॅकेजेस पुन्हा १२ च्या आवृत्तीवर उतरवणं डेबियनला मान्य नाही, आणि प्रत्यक्षात ते जमतही नाही. त्यामुळे बॅकअप हीच परतीची वाट. व्हर्च्युअल मशीन असेल तर बंद करून स्नॅपशॉट घ्या. लॅपटॉपची क्लोनझिलाने पूर्ण डिस्क इमेज घ्या. त्याशिवाय ‘/ईटीसी’, ‘/व्हार/लिब/डीपीकेजी’, ‘/व्हार/लिब/ॲप्ट/एक्स्टेंडेड_स्टेट्स’ आणि ‘डीपीकेजी --गेट-सिलेक्शन्स’चं आउटपुट वेगळ्या डिस्कवर ठेवा. डेटाबेसचा डम्प (सगळा डेटा काढून लिहिलेली फाइल) स्वतंत्र घ्या. चालू डेटाबेसच्या फाइली नुसत्या कॉपी केल्या तर तो बॅकअप ठरत नाही.

मशीन ३२ बिटचं तर नाही ना, हे सगळ्यांत आधी बघा. ‘डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर’चं उत्तर ‘आय३८६’ आलं तर इथेच थांबा. ट्रिक्सीत या आर्किटेक्चरसाठी कर्नलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही. प्रोसेसर ६४ बिटचा असेल (‘एलएससीपीयू’ने कळतं) तर ‘एएमडी६४’ नव्याने टाका. नसेल तर १२ वरच राहा आणि आधार संपण्याआधी मशीन बदलायची तयारी करा.

पुढची अडचण ‘/बूट’ची, म्हणजे कर्नल ठेवायच्या जागेची. ते वेगळं पार्टिशन असेल तर निदान ७६८ एमबीचं असावं आणि त्यात ३०० एमबीच्या आसपास जागा मोकळी असावी, असं ट्रिक्सीच्या प्रकाशन-टिपांमध्ये म्हटलंय. जुन्या इन्स्टॉलरने हे पार्टिशन बरंच लहान केलेलं असतं, आणि अपग्रेडच्या मधोमध नवी इनिटरॅमएफएस (मशीन सुरू होताना कर्नलला लागणारी फाइल) लिहिताना जागा संपली तर मशीन अर्धवट अवस्थेत अडकतं. वापरात नसलेले जुने कर्नल ‘ॲप्ट पर्ज’ने काढा (सध्या चालू असलेला सोडून, तो ‘यूनेम -आर’ने कळतो). तरी जागा पुरत नसेल तर ‘/ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/इनिटरॅमएफएस.कॉन्फ’मध्ये ‘मॉड्यूल्स=मोस्ट’च्या जागी ‘मॉड्यूल्स=डेप’ करून ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवा. फाइल बरीच लहान होते. मात्र मग तीच डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली तर ती बूट होईलच असं नाही.

मग सध्याचं १२ पूर्ण अद्ययावत करा. ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ने अडवून ठेवलेली पॅकेजेस आणि ‘डीपीकेजी --ऑडिट’ने अर्धवट बसलेली पॅकेजेस पाहा. दोन्हींचं उत्तर रिकामं यायला हवं. ‘/ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी’मधल्या बाहेरच्या रिपॉझिटरी आणि बॅकपोर्ट्स (जुन्या प्रकाशनासाठी बांधलेली नवी पॅकेजेस) तात्पुरत्या बंद करा, ‘/ईटीसी/ॲप्ट/प्रेफरन्सेस’मधलं पिनिंग (कोणती आवृत्ती घ्यायची ते ठरवणारे नियम) काढा. ‘ॲप्ट लिस्ट’ला ‘?ऑब्सोलीट’ हा पॅटर्न दिला की आता कुठल्याच रिपॉझिटरीत नसलेली पॅकेजेस दिसतात. अपग्रेड फसल्याच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी हीच बाहेरची पॅकेजेस निघतात. एखाद्या लायब्ररीची बाहेरून आलेली आवृत्ती डेबियनच्या नव्या आवृत्तीपेक्षा ‘मोठी’ दिसते, ॲप्ट तिला हात लावत नाही, आणि तिच्यावर अवलंबून असलेली सगळी साखळी तुंबते.

सर्व्हरवर दुरून काम करणार असाल तर आधी ओपनएसएसएच-सर्व्हर निदान १:९.२पी१-२+डेब१२यू७ या क्रमांकावर आणा. त्याआधीच्या आवृत्तीवर अपग्रेड मध्येच तुटलं तर नवीन एसएसएच कनेक्शन घेतलं न जाण्याचा धोका आहे. सगळं काम टीमक्स किंवा स्क्रीनच्या आत करा, म्हणजे लाइन गेली तरी काम चालू राहतं. लॅपटॉपवर ग्राफिकल टर्मिनलमधून करू नका. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने टेक्स्ट कन्सोलवर जा, कारण मधेच डेस्कटॉप कोसळला तर त्याच्यासोबत तुमचं टर्मिनलही जाईल.

आता सोर्सेसमध्ये ‘बुकवर्म’च्या जागी सगळीकडे ‘ट्रिक्सी’ लिहा: मुख्य ओळीत, ‘ट्रिक्सी-सिक्युरिटी’त आणि ‘ट्रिक्सी-अपडेट्स’मध्येही. ‘स्टेबल’ हा शब्द तिथे कधीच लिहू नये. तो असेल तर नवं प्रकाशन आलं की रोजच्या अपडेटची आज्ञा, तुम्ही ठरवलेलं नसताना, तुम्हाला पुढच्या आवृत्तीकडे ओढू शकते. फाइल बदलल्यावर ‘ॲप्ट अपडेट’, आणि लगेच ‘ॲप्ट फुल-अपग्रेड --डाउनलोड-ओन्ली’. आपल्याकडे वीज आणि इंटरनेट दोन्ही मधेच जातात. काही जीबीचं डाउनलोड आधीच ‘/व्हार/कॅश/ॲप्ट/आर्काइव्ह्ज’मध्ये येऊन पडलं असेल तर प्रत्यक्ष अपग्रेडला नेटची गरज जवळपास उरत नाही. लॅपटॉपची बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला हवा, डेस्कटॉप आणि सर्व्हर यूपीएसवर. रूट पार्टिशनवर दहा जीबी तरी मोकळे ठेवा.

अपग्रेड दोन टप्प्यांत करा. आधी ‘ॲप्ट अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीएस’. यात नवं काही न आणता आणि काही न काढता जेवढं वर चढतं तेवढं चढतं. मग ‘ॲप्ट फुल-अपग्रेड’. दुसऱ्या टप्प्यात ‘वाय’ दाबण्यापूर्वी काढून टाकायच्या पॅकेजेसची यादी शेवटपर्यंत वाचा. ॲप्ट ३.० ही यादी लाल रंगात वेगळी दाखवतं, पण इथे तुम्ही अजून १२ चं ॲप्ट वापरत असाल तर ती साध्या अक्षरांतच असते. तुमचा अख्खा डेस्कटॉप किंवा डेटाबेस त्यात दिसत असेल तर ‘एन’ म्हणा आणि कारण शोधा.

चालू असताना कॉन्फिगरेशन फाइलींबद्दल प्रश्न येतील: तुम्ही बदललेली फाइल ठेवायची की पॅकेजची नवीन घ्यायची. सवयीने एंटर मारत जाऊ नका, ‘डी’ दाबून फरक पाहा. तुमची ठेवली (‘एन’) तर नवीन प्रत शेजारी ‘.डीपीकेजी-डिस्ट’ शेपटी लावून राहते, नवीन घेतली (‘वाय’) तर तुमची ‘.डीपीकेजी-ओल्ड’ होते. म्हणजे दोन्ही वेळा काही हरवत नाही. शंका असेल तिथे, विशेषतः नेटवर्क आणि एसएसएचच्या बाबतीत, तुमची ठेवा आणि नंतर जुळवा. डोव्हकॉट हा मेल सर्व्हरचा प्रोग्रॅम याला अपवाद आहे. त्याची २.४ आवृत्ती जुनं कॉन्फिगरेशन वाचतच नाही, त्यामुळे मेल सर्व्हर असेल तर ते काम आधी एका चाचणीच्या मशीनवर करून बघा.

मधेच वीज गेलीच तर घाबरू नका. पुन्हा सुरू करून ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग ‘ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’, आणि परत ‘ॲप्ट फुल-अपग्रेड’. ‘लॉक धरलेलं आहे’ असा संदेश आला तर लॉकची फाइल पुसू नका. बहुतेकदा अनअटेंडेड-अपग्रेड्स मागे चालू असतं. ते संपेपर्यंत थांबा. लॉक पुसून दोन डीपीकेजी (पॅकेजेस प्रत्यक्ष बसवणारा प्रोग्रॅम) एकाच वेळी चालले तर पॅकेजेसची नोंदच बिघडते, आणि ते निस्तरणं फार जिकिरीचं.

रीबूट झाल्यावर ‘यूनेम -आर’ ६.१२ दाखवेल. ‘सिस्टिमसीटीएल --फेल्ड’ आणि ‘जर्नलसीटीएल -बी -पी ईआरआर’ पाहा. नेटवर्क इंटरफेसचं नाव बदललेलं असू शकतं. ते ‘/ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस’मध्ये जुन्या नावाने लिहिलं असेल तर मशीन नेटवर्कवर येणारच नाही. दूरच्या सर्व्हरला कीबोर्ड-स्क्रीनचा किंवा होस्टिंगवाल्याच्या कन्सोलचा रस्ता म्हणूनच आधी तपासून ठेवायचा.

१३ मध्ये ‘/टीएमपी’ (तात्पुरत्या फाइलींची जागा) आता डिस्कवर नसतं, मेमरीत असतं, आणि रॅमच्या निम्म्यापर्यंत वाढू शकतं. चार जीबीच्या लॅपटॉपवर एखादा प्रोग्रॅम तिथे मोठी फाइल लिहायला लागला की ‘जागा नाही’ म्हणून थांबतो. ते नको असेल तर ‘सिस्टिमसीटीएल मास्क टीएमपी.माउंट’ देऊन रीबूट करा. मेमरीतलंच ठेवणार असाल तर डिस्कवरच्या जुन्या ‘/टीएमपी’मधल्या फाइली खाली दडून जागा अडवत राहतात. ‘माउंट --बाइंड / /एमएनटी’ केलं की त्या ‘/एमएनटी/टीएमपी’मध्ये दिसतात, तिथून पुसा आणि अनमाउंट करा. तसंच ‘/ईटीसी/सिसीटीएल.कॉन्फ’ आता वाचली जात नाही. राउटिंग किंवा मेमरीच्या सेटिंग तिथे लिहिल्या असतील तर त्या ‘/ईटीसी/सिसीटीएल.डी’मध्ये ‘.कॉन्फ’ने संपणाऱ्या फाइलीत हलवा. हे बिघडलं तरी कुठे तक्रार येत नाही. एवढंच होतं की एक दिवस ऑफिसचं व्हीपीएन चालत नाही.

पीएचपी ८.२ वरून ८.४ वर जातं. अपाचीवर ‘ए२डिसमॉड पीएचपी८.२’, ‘ए२एनमॉड पीएचपी८.४’ आणि रीस्टार्ट. एनजिनएक्सच्या फाइलीत जुन्या एफपीएम सॉकेटचा (पीएचपीशी जोडणीचा) पत्ता राहिला तर ५०२ एरर येते. पायथन ३.११ चं ३.१३ होतं, त्यामुळे जुने व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट चालणार नाहीत. दुरुस्त करत बसू नका, आवश्यक पॅकेजेसच्या यादीवरून नवे बांधा. मारियाडीबी हा डेटाबेस १०.११ वरून ११.८ वर जातो. अपग्रेडच्या आधी ते नीट बंद झालेलं असलं पाहिजे, क्रॅश होऊन पडलेलं असेल तर पुढची आवृत्ती सुरू व्हायलाच नकार देऊ शकते.

लॅपटॉपवर मराठी टंकलेखन लगेच तपासा: आयबसमध्ये (टंकलेखनाचे लेआउट बदलणाऱ्या साधनात) तुमचा इनस्क्रिप्ट किंवा दुसरा लेआउट अजून यादीत आहे का, आणि लिब्रेऑफिसमध्ये ‘र्‍या’, ‘क्ष’, ‘ॲ’ नीट उमटतात का. डेस्कटॉपची आवृत्ती मोठी उडी घेते (जीनोम ४३ वरून ४८, प्लाझ्मा ५.२७ वरून ६.३), त्यात इनपुटच्या सेटिंग पुन्हा लावाव्या लागू शकतात. जीनोमची जुनी एक्स्टेंशन बंद पडली तर ती नव्या आवृत्तीसाठी आलीत का ते पाहूनच चालू करा.

पोस्टग्रेस या डेटाबेसबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण तिथे सगळं ठीक दिसतं आणि नसतं. अपग्रेडनंतर तुमचा १५ चा क्लस्टर (एका सर्व्हरखालच्या डेटाबेसचा संच) ५४३२ पोर्टवर जसाच्या तसा चालू राहतो आणि शेजारी ५४३३ वर १७ चा रिकामा क्लस्टर तयार होतो. ॲप्लिकेशन चालतं म्हणून लोक तसंच सोडून देतात. पण १५ ची पॅकेजेस ट्रिक्सीत नाहीत, म्हणजे त्यांना सुरक्षेची दुरुस्ती येणार नाही. शिवाय खालची जीलिबसी (सिस्टिमची मूळ लायब्ररी) २.३६ वरून २.४१ झालेली असते. अक्षरांचा क्रम लावायचे नियम तिच्याकडून येतात. ते बदलले असतील तर मजकुरावरचे जुने इंडेक्स चुकीच्या क्रमाने लावलेले ठरतात आणि नाव टेबलात असूनही शोधात सापडत नाही. लॉगमध्ये ‘कोलेशन व्हर्जन मिसमॅच’ असा इशारा येतो, तो याचाच. म्हणून आधी ‘पीजी_ड्रॉपक्लस्टर १७ मेन --स्टॉप’ देऊन रिकामा क्लस्टर काढा. मात्र ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’ने तो रिकामाच आहे याची खात्री करून घ्या. मग ‘पीजी_अपग्रेडक्लस्टर १५ मेन’. ही आज्ञा मुळात डम्प घेऊन नव्यात भरते, त्यामुळे इंडेक्स नव्याने बांधले जातात आणि पोर्ट ५४३२ आपोआप नव्याकडे जातो. डेटा मोठा असेल तर वेळ लागतो आणि डिस्कवर जवळपास दुप्पट जागा लागते. ॲप्लिकेशन नव्या क्लस्टरवर आठवडाभर नीट चाललं की ‘पीजी_ड्रॉपक्लस्टर १५ मेन’ देऊन जुना काढा.

साफसफाई सगळ्यांत शेवटी. ‘फाइंड’ने ‘/ईटीसी’खालच्या ‘.डीपीकेजी-’ आणि ‘.यूसीएफ-’ असलेल्या फाइली शोधून एकेक जुळवा. ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ची यादी वाचून मगच होय म्हणा, पोस्टग्रेसचं स्थलांतर व्हायचं असेल तर त्याआधी चालवू नका. बाहेरच्या रिपॉझिटरी एकेक करून, ट्रिक्सीसाठी त्यांची आवृत्ती आलीय याची खात्री करून सुरू करा. सोर्सेसची जुनी एकओळी पद्धत अजून चालते, पण ‘ॲप्ट मॉडर्नाइझ-सोर्सेस’ दिलं की तीच माहिती ‘.सोर्सेस’ शेपटीच्या नव्या फाइलीत येते, आणि प्रत्येक रिपॉझिटरीला तिची स्वतःची सही-किल्ली बांधलेली राहते. अपग्रेडच्या आधी हे करू नका, सगळं स्थिर झाल्यावर करा. आणि ‘अनअटेंडेड-अपग्रेड --ड्राय-रन --डीबग’ पुन्हा एकदा चालवून त्यात आता ‘ट्रिक्सी-सिक्युरिटी’ दिसतंय का, ते बघून घ्या.